डायरीत तारीख होती, रात्र नव्हती

प्रकरण माझंच आहे. पण त्यात बहीण आहे, मावशी आहे, नाटक कंपनीचा मालक आहे, आणि त्यांना विचारून मी हे लिहिलेलं नाही. म्हणून मोठ्या गावांची नावं ठेवतो आणि माणसांना नात्यानंच हाक मारतो.

काळ २६ फेब्रुवारी ते ३० एप्रिल २०२५. महाशिवरात्रीपासून अक्षय तृतीयेपर्यंतचे ६४ दिवस. मी पेटी वाजवतो. राहणार ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात. या ६४ दिवसांत माझे ३१ कार्यक्रम झाले. त्याच दिवसांत भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, तिचंच लग्न होतं, मूलची मावशी आजारी होती, मुलगी नागपूरला शिकायला होती, मायच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि बायकोच्या माहेरच्या गावात सप्ताह होता. डायरी उघडून दाखवतो: एकही तारीख दुसऱ्या तारखेवर चढलेली नाही. तरी २२ मार्चला भाचीच्या साक्षगंधात मी मांडवाच्या खांबाला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपलेलो आहे, असा फोटो आमच्या खानदानातल्या प्रत्येक मोबाइलवर आहे.

लिहायला बसलो त्याचं निमित्त वेगळं. आमच्या गावातली दोन पोरं, एक तबल्यावर आणि एक पॅडवर, येत्या हंगामात कंपनीत जाणार आहेत. परवा त्यांनी हौसेनं आपली नवी डायरी दाखवली. माझीच चूक, फक्त अक्षर चांगलं.

आधी आमचं काम कसं असतं ते

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या आगेमागे धान निघतो, भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि मंडईच्या रात्री नाटक. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला. गावातलं मंडळ तिथं येतं, नाटक ठरवतं, इसार देतं, जातं. हंगाम होळीपर्यंत, ताणला तर पाडव्यापर्यंत. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या पुष्कळ लोकांनी झाडीपट्टी रंगभूमी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्हाला आनंद झाला. वेळापत्रक मात्र आधीचंच राहिलं.

वेळापत्रक असं. नाटक रात्री लागतं आणि उजाडताना सुटतं. जुनी माणसं याचं कारण सांगतात की बंडीनं आलेला पाहुणा मध्यरात्री जंगलातून परत जाणार कसा, त्यापेक्षा पडदाच सकाळपर्यंत उघडा ठेवलेला बरा. आता बंड्या गेल्या, दारोदार मोटरसायकली आल्या, पण सवय कायम आहे. नटाला निदान मधे विंगेत डुलकी काढता येते. पेटीवाल्याला नाही. नांदीपासून शेवटच्या प्रवेशापर्यंत तो रंगमंचापुढं बसलेलाच. कोण कोणत्या क्षणी पद उचलेल याचा नेम नसतो. एकजण काळी दोनमध्ये गाणार, दुसरी काळी पाचमध्ये, आणि पहाटे साडेतीनला आवाज बसला की दोघंही एकेक पट्टी खाली येणार, तेही न सांगता.

पायानं वाजवायचा ऑर्गन केव्हाच गेला. आता मांडीपुढं पेटी असते नि शेजारी कीबोर्ड. तरी लोक आम्हाला ऑर्गनवालेच म्हणतात. त्याची तक्रार नाही. पण एका शब्दाची गंमत या प्रकरणात पुढं लागणार आहे: एका प्रयोगाच्या पैशाला आम्ही ‘नाईट’ म्हणतो. ‘यंदा तुझी नाईट किती?’ असं विचारतात. पैसे रात्रीचे घेतो, आणि डायरीत लिहितो तारीख.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आमच्याकडे नाटक म्हणजे पाहुणपण असतं. गावात नाटक असलं की सासरी गेलेल्या पोरी येतात, जावई येतात, मामा-मावशा येतात, आणि चुलीवरचं भांडं दोन दिवस उतरत नाही. ‘पोरगी पाहून घ्या, नाटकाच्या निमित्तानं’ असं म्हणून कितीतरी सोयरिकी जुळतात. माझ्या या भाचीचीही अशीच जुळली. जानेवारीत लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात आमचं नाटक होतं, बहीण पोरीला घेऊन आली होती, आणि पोराकडची माणसं दोन रांगा सोडून बसली होती. दुसऱ्या अंकात मी पेटीवर होतो आणि मागं सोयरीक होत होती. मला सकाळी चहा पिताना कळलं.

लोकांच्या घरची माणसं ज्या रात्री एकत्र येतात त्या रात्री मी कामावर असतो, हे धंद्यातच आहे. त्याबद्दल रडायचं कारण नाही. प्रश्न होता तो त्या रात्रीनंतरच्या सकाळचा.

२१ मार्चची रात्र

नाटक धानोरा भागात होतं, गडचिरोलीच्या पूर्वेला, जंगलात. सलग तिसरी रात्र. १९, २०, २१. डायरीत २१ ला ‘नाटक, धानोरा’ आणि २२ ला ‘साक्षगंध, बाईकडे, ११ वा.’ असं लिहिलेलं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर अर्जुनी मोरगाव तालुक्यात. दोन तारखा, दोन ओळी, सगळं नीट.

करारात नाटकाची वेळ साडेनऊ. प्रत्यक्षात मंडळ तिकिटांकडे डोळा ठेवून असतं. आजूबाजूच्या गावांतून माणूस येत असला तर पडदा कोण उघडेल? दहा वाजता उद्घाटन सुरू झालं. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, मग ज्यांना शाल मिळाली त्यांची भाषणं, मग ज्यांना मिळाली नाही त्यांची नाराजी काढण्यासाठी आणखी दोन शाली. नांदी लागली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. यात कंपनीचा दोष नाही, खरं तर मंडळाचाही नाही. वर्षभर पैसे गोळा करून नाटक आणणाऱ्या गावाला आपला सत्कार मोठा वाटणारच. मी मात्र वीसेक वर्षं हेच पाहतोय आणि तरी डायरीत साडेनऊ धरून बसलो होतो.

शेवटचा प्रवेश पावणेसहाला संपला. पुढचं काम कोणी मोजत नाही: पेटी बांधा, वायरी गुंडाळा, पडदे-कपड्यांच्या पेट्या गाडीवर चढेपर्यंत थांबा, मंडळाचा चहा घ्या, कारण चहा नाकारला तर पुढच्या वर्षीचं बोलणं बिघडतं. गाडी सात वाजता हलली. गडचिरोली, आरमोरी करत वडशाला पोचायला साडेनऊ. माझी मोटरसायकल कार्यालयासमोर उभी होती. तोंडावर पाणी मारलं, किक मारली, अर्जुनीच्या रस्त्याला लागलो.

आता जे सांगतो ते बायकोलाही उशिरा सांगितलं. दहा-बारा किलोमीटरवर गाडी डांबर सोडून गिट्टीवर गेली. पडलो नाही. पण कशी गेली ते आठवत नाही, म्हणजे तेवढा वेळ मी झोपलेला होतो. थांबलो. दोन्ही बाजूंना जंगल, पळस संपत आलेला, मोहाचा सडा पडलेला. टोपलं डोक्यावर घेऊन एक बाई मोह वेचून परतत होती. मी गाडी लावून झाडाखाली बसलो तशी ती थांबली.

‘भाऊ, इतं नोको निजू. वाघ हाये.’

मोहाच्या दिवसांत आमच्याकडे हे वाक्य कोणी गमतीनं बोलत नाही. पहाटे मोह वेचायला वाकलेल्या माणसावर वाघ येतो, दरवर्षी बातम्या असतात. मी उठलो, गाडी ढकलत-चालवत पुढच्या टपरीपर्यंत गेलो आणि तिथल्या बाकड्यावर आडवा झालो. टपरीवाल्याला म्हणालो, पंधरा मिनिटांनी उठव. त्यानं पाऊण तास झोपू दिलं. आजही मला वाटतं त्यानं बरोबर केलं.

बाईकडे पोचलो तेव्हा पावणेबारा. साक्षगंध मामाशिवाय अडत नाही, पण मामाची वाट पाहतात. भटजी दोनदा घड्याळाकडे बघून झाले होते. पोराकडची मंडळी भिवापूरकडून पहाटे निघून वेळेवर आली होती आणि पोरीचा मामा, जो शेजारच्या जिल्ह्यात होता, तो उशिरा. अंगावर रात्रीचा सदरा. भाऊजी काही बोलले नाहीत. बाईनं हातात धुतलेला शर्ट दिला, तोही भाऊजींचा. कुंकू लागलं, साडी-चोळी झाली, अंगठ्या झाल्या. मग जेवणाची पंगत बसेपर्यंत मी खांबाला टेकलो, एवढंच आठवतं. पुढचं फोटोत आहे.

संध्याकाळी निघताना बाई म्हणाली, ‘तू आला नसतास तं चाललं असतं. सांगतलं असतं, कामावर हाये म्हणून. असा येऊ नोको.’

या वाक्यावर मी आठवडाभर घोळत होतो. मला वाटत होतं मी जिवावर उदार होऊन पोचलो, त्याचं काहीतरी मोल असेल.

मूल, जाता जाता

मावशी मायची धाकटी बहीण. मूलला एकटी राहते. जानेवारीत तिला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, बोलणं परत आलं, डावा हात जड राहिला. मी फोनवर म्हणालो होतो, ‘मार्चमध्ये आमची नाटकं चंद्रपूर भागातच आहेत, मूल वाटेवरच आहे, जाता जाता येऊन जाईन.’

मूलवरून मी तीन वेळा गेलो. ४ मार्चला दुपारी, पोंभुर्ण्याकडच्या नाटकाला जाताना. गाडीत पंधरा माणसं, उशीर झालेला, माझ्या एकट्यासाठी गाडी कशी थांबवणार. ६ तारखेला पहाटे परतताना उतरायचं ठरलं होतं, डायरीत तसं लिहिलंही होतं. मावशीनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की पातोडीचा रस्सा करते. एका हातानं पातोड्या थापायच्या म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मी डोळे उघडले तेव्हा बाहेर नागभीडचा चौक होता. ड्रायव्हरवर उखडलो. तो म्हणाला, ‘उठवलं होतं ना भाऊ. तुम्ही हो म्हणालात, बॅग छातीशी धरलीत आन् परत निजलात.’ तिसऱ्यांदा १२ मार्चला, पुन्हा पहाटे. तेव्हा तर मावशीला कळवलंच नव्हतं. पुन्हा खोटं पडायची भीती.

‘वाटेवरच आहे’ हा शब्द आमच्या धंद्यात फार फिरतो. वाटेवरचं गाव म्हणजे ज्या गावातून आपण झोपेत जातो ते गाव. दूरच्या माणसाकडे जायचं तर निदान दिवस काढावा लागतो. वाटेवरच्या माणसाला आपण दिवस देतच नाही. तो नकाशावर आपोआप भेटेल असं धरून चालतो.

पाडव्याच्या दिवशी

३० मार्चला पाडवा होता, रविवार. हंगाम संपलेला. गुढी उभारून झाल्यावर बायकोनं डायरी मागितली. ती शाळेत पोषण आहार शिजवते, त्यामुळे हजेरीचा आणि तांदळाचा हिशोब तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. तिनं नाटकांच्या तारखांवर पेन्सिलनं गोल केले. ११ नाटकं चार झुबक्यांत होती: २६ ते २८ फेब्रुवारी, मग ४ आणि ५ मार्च, मग ९ ते ११, शेवटी १९ ते २१.

‘आता प्रत्येक झुबक्याच्या पुढची तारीख वाचा,’ ती म्हणाली.

१ मार्च: नागपूर, रेकॉर्डिंग आणि मुलगी. ६ मार्च: मावशी. १२ मार्च: मायचे डोळे, ब्रह्मपुरी. २२ मार्च: साक्षगंध.

चारच्या चार. डायरीत रिकाम्या दिसणाऱ्या त्या चार चौकटींत मी आपली माणसं बसवली होती, आणि त्या चौकटी रिकाम्या नव्हत्याच. त्यांत आदल्या रात्रीचं नाटक दुपारपर्यंत भरलेलं होतं. काम कधी चुकलं नाही, कारण कामाला सबंध रात्र मिळत होती. घरच्यांना त्या रात्रीचा चोथा.

१ मार्चचं सांगतो. चामोर्शीकडचं महाशिवरात्रीचं शेवटचं नाटक पहाटे सुटलं, कंपनीच्या गाडीनं वडसा, तिथून एसटीनं उमरेडमार्गे नागपूर. पूर्वी नागभीडहून नागपूरला छोटी गाडी होती, नॅरोगेज. इतकी हळू की माणूस घरच्यासारखा झोपून जायचा. २०१९ च्या नोव्हेंबरात ती मोठ्या रुळांच्या कामासाठी बंद झाली. तेव्हापासून एसटीत उभ्यानं झोपायचं. तीन ते आठ रेकॉर्डिंग झालं, जयंतीची गाणी होती. मुलीला गणेशपेठ स्टँडवर बोलावलं, रात्रीची बस सुटायला वीस मिनिटं असताना. तिनं तर्री-पोहे आणले होते. मी खाल्ले, तिला पैसे दिले, बसमध्ये चढलो. नंतर तिनं मायला फोनवर विचारलं की बाबा माझ्यावर रागावलेत का, काही बोललेच नाहीत. मी रागावलो नव्हतो, माझं तोंडच चालत नव्हतं.

१२ मार्चला मायला दवाखान्यात बायको घेऊन गेली. मी घरी झोपलेलो. त्यात बिघडलं काही नाही, पण मायनं चार दिवस आधीपासून शेजारणींना सांगितलं होतं, लेक नेणार आहे म्हणून.

बायकोचा निवाडा एका ओळीत होता: ‘ही डायरी कंपनीची हाये. घरच्या लोकायले तुम्ही उरलेल्या जागी कोंबता.’

मी वाद घातला. म्हणालो की रात्रीचं काम आहे, चार महिन्यांत वर्षाचं कमवायचं आहे. ती म्हणाली, काम सोडा असं कोण म्हणते? फक्त रात्र दोन दिवसांची धरा.

तिनं पट्टी घेऊन एप्रिलची पानं पुन्हा आखली. डायरीतली रेघ आता दोन तारखांच्या मधोमध होती. ‘१३-१४ ची रात्र’ असं लिहायचं. रात्रभराचं काम असेल तर पुढच्या दिवशी दोन वाजेपर्यंत फुली. तिथं काहीही लिहायचं नाही, देवाचं आमंत्रण आलं तरी. मध्यरात्री सुटणारं काम असेल तर फुली नऊपर्यंत. आणि पाहुणपण लिहायचं ते निघायच्या वेळेनं. मी नेहमी पोचायची वेळ लिहायचो, आणि पोचायची वेळ लिहिली की माणूस मधला रस्ता शून्य धरतो.

एप्रिल कसा गेला

सगळा चांगला गेला नाही.

एप्रिलचं काम वेगळ्या जातीचं असतं. ५ आणि ६ ला रामनवमीची भजनं. ११ ते १४, महात्मा फुले जयंतीपासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, सलग चार रात्री भीमगीतं. विदर्भात त्या चार दिवसांत रिकामा पेटीवाला सापडणार नाही, आणि ज्या गायकानं वर्षभर फोन केला नाही तोही ‘दादा’ म्हणतो. या रात्री नाटकापेक्षा लवकर सुटतात. तरी सलग चार रात्रींनंतरची म्हणून १५ तारखेच्या चौकटीवर अख्ख्या दिवसाची फुली होती. त्या दिवशी ब्रह्मपुरीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचा फोन आला, हळदीचा कार्यक्रम, संध्याकाळी सात. जुन्या हिशोबानं पाहिलं तर दिवस मोकळाच होता. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, ‘एवढा मोठा झालास का?’ त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. वर्षाला त्याची पाच-सहा कामं असायची. ही किंमत आहे आणि ती मी दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकत नाही.

१७ ते २३ सप्ताह, चिमूर तालुक्यात, बायकोच्या माहेरी. पैसे सगळ्यांत कमी आणि हिशोबात सगळ्यांत फायद्याचा आठवडा हाच. कीर्तन रात्री नऊ ते अकरा, काकड्याला दुसरा पेटीवाला होता, मुक्काम सासुरवाडीत. सात दिवस प्रवास नाही. त्या आठवड्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला होता. दुपारी तबल्याची शाई हाताला चटका देत होती, चामडं ताणून सूर चढत होता आणि तबलजी दर गजराआधी गठ्ठे वर ठोकत होता. माझ्या पेटीचा एक सूर धुळीनं बसला. सासऱ्यांनी पत्ती काढून जुन्या कोऱ्या नोटेची कड फिरवली, सूर बोलायला लागला. सासरे पंचवीस वर्षांपूर्वी भजनाला पेटी वाजवायचे हे मला लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही नीट माहीत नव्हतं. मी सासुरवाडीला कायम पहाटे पोचून दुपारी निघणारा जावई. बोलणं कधी झालं असतं?

दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी, २८ मार्चला, मुलीला भेटायचं राहिलंच होतं; तेव्हा नवी डायरी नव्हती. एप्रिलमध्ये तिच्यासाठी एक दिवस काढला आणि तिची परीक्षा निघाली. ते तसंच राहिलं.

आता ३० एप्रिल. २०२५ मध्ये अक्षय तृतीया आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती एकाच दिवशी आली. ३० एप्रिलला गावोगाव ग्रामजयंती असते, पहाटे सामुदायिक ध्यान, रामधून, खंजिरी भजन. अक्षय तृतीया म्हणजे लग्नांची झुंबड. भाचीचं लग्नही त्याच दिवशी, संध्याकाळच्या मुहूर्तावर. त्या एका तारखेसाठी मला चार फोन आले. नागपूरच्या एका लग्नातल्या ऑर्केस्ट्रानं तर दुप्पट नाईट सांगितली. जुना मी काय केलं असतं ते मला नीट माहीत आहे: सकाळी गावात ध्यान, दुपारी नागपूर, आणि ‘मुहूर्त संध्याकाळचा आहे, वाटेवरच आहे.’ नागपूर अर्जुनीच्या वाटेवर कुठल्याही बाजूनं येत नाही, पण मी वाट काढली असती.

गावच्या गुरुदेव सेवा मंडळाला सांगितलं की २९ ला संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरचं भजन माझं, ३० ची पहाट दुसऱ्या कोणाला द्या. ती पहाट त्या तबलेवाल्या पोरानं पेटीवर सांभाळली, चार भजनं त्याला येत होती. नागपूरचं काम मी ओळखीच्या एका वादकाला दिलं. माय आणि बायको दोन दिवस आधीच बाईकडे गेल्या होत्या. मी २९ ला साडेनऊला पेटी मिटली, दहाला झोपलो, पाचला उठून निघालो आणि आठच्या आत बाईच्या अंगणात. कुलरच्या खोलीत मला दुपारी झोपायला लावलं, पोरांना बाहेर काढून. लग्नघरात मामाला झोपवण्यासाठी खोली रिकामी करणं म्हणजे काय मान, ते लग्नघर पाहिलेल्यांना सांगायला नको.

मुहूर्ताला भाचीच्या मागं उभा राहिलो. अंतरपाट धरला होता. बाई जवळून जाताना खालच्या आवाजात म्हणाली, ‘जागा हायेस न?’

हिशोब

त्या दोन पोरांना आकडे हवे होते म्हणून देतो. ३१ कार्यक्रमांत ११ नाटकं, सप्ताहाचे ७ दिवस, भीमगीतं ४, हळदीचे कार्यक्रम ४, रामनवमीची भजनं २, रेकॉर्डिंग २, खंजिरी भजन १. पाडव्यानंतर मी तीन कामं नाकारली आणि एक दुसऱ्याला दिलं. पैशात पाहिलं तर सुमारे चार नाईट गेल्या आणि एक गिऱ्हाईक कायमचं गेलं. पेट्रोल मात्र मार्चच्या अर्ध्यावर आलं, कारण परतीच्या वेड्यावाकड्या फेऱ्या बंद झाल्या. हे मला अपेक्षित नव्हतं.

नाटकांच्या हंगामात ही पद्धत टिकेल का, याची खात्री नाही. एप्रिलमध्ये रात्री लहान असतात आणि कामं सुटी-सुटी. भाऊबीजेनंतर कंपनी सलग आठ-आठ रात्री लावते, तेव्हा दोन वाजेपर्यंतची फुली मारली तर पुढच्या गावची गाडी बाराला निघून जाईल. तेव्हा फुली झुबक्याच्या शेवटीच मारता येईल, आणि ती अख्ख्या दिवसाची मारावी लागेल. कंपनीच्या मालकाशी बोललो. तो म्हणाला, तू डायरीत काय लिहितोस ते तुझं, मला तारखा दे. त्याच्या जागी तो बरोबर आहे. तबलेवाल्या पोरानं विचारलं की मग घरच्यांना आधीच सांगून टाकायचं का, हंगामात माझी आशा धरू नका म्हणून. मी म्हणालो, सांगून टाक. आधी न सांगण्याचाच बाईला राग होता. मी न येण्याचा तिला राग नव्हता.

२ मेला मी मूलला गेलो. सकाळी सहाला निघालो, एसटीनं, बायको सोबत. वाटेवर दुसरं काही नव्हतं. पातोड्या बायकोनं थापल्या, मावशीनं खाटेवर बसून मसाला सांगितला आणि दोनदा तिखट कमी आहे म्हणून रागावली. जेवण झाल्यावर तिनं माझ्या बॅगेकडे पाहिलं.

‘पेटी नाई आणली?’

‘नाही.’

‘मंग आज राहतेस,’ ती म्हणाली, आणि उजव्या हातानं खाटेवरची चादर सारखी करायला लागली.